पहिल्या मापाला लाभ

२४ जानेवारी १९५५, सोमवार. शेळगाव

आलो एकदाचा! बारामतीहून इंदापूरच्या एसटीत पिंपळी मागे पडेपर्यंत माझ्याच ट्रंकेवर बसलो होतो, मग एका शेळीवाल्यानं कृपा करून जागा दिली. चौकी कालव्याच्या कडेलाच आहे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे कडुनिंब. गाव मैलभर लांब. सोनबा पाटकरी घागर भरून ठेवून गेला. कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सोडायचं ते त्याच्या हातात, आणि किती रान भिजलं ते साखळीनं मोजून कागदावर उतरवायचं माझ्याकडे. मोजणीदार म्हणतात आम्हाला. पोस्ट साधी असली तरी माझ्या मापात अर्ध्या हाताचा फरक कुणी दाखवावा, मिशी उतरवीन.

द्वारका आणि आमची पोर सारजा कोरेगावला आहेत. पाडव्यानंतर त्यांना इकडे आणायचं. तोवर भाकरीची सोय शेजारच्या वस्तीवरच्या धोंडाबाईंकडे लागली आहे.

२९ जानेवारी, शनिवार

आज सोनबा मला हसला. साखळी टाकताना मी ‘लाभ, दोन, तीन’ असं मोजतो. वडील खळ्यावर धान्य मापताना एक म्हणत नसत. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, म्हणजे रास वाढते. तीच सवय मला लागली आणि माझी सारजाला. सहा वर्षांची पोर, शाळेत मास्तरांनी दोनदा कान पिळला, पण ती काही ‘एक’ म्हणत नाही. बापावर गेली आहे.

सोनबा म्हणाला, “साहेब, लाभ दान्याला म्हनत्यात. रान काय वाढायचं हाय व्हय?” मीही हसलो.

संध्याकाळी इथं फार सामसूम असते. सोनबा चारलाच घरी जातो. मग मी, कंदील आणि पाण्याचा आवाज.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दाढी करताना डाव्या कानाखाली वस्तरा अडखळला. बोट लावलं तर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. दुखत नाही. फूटपट्टी लावून पाहिली. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. सवयीनं तोंडातून गेलं, “लाभ.” माझं मलाच हसू आलं. मोजणीदार तो मोजणीदारच.

७ फेब्रुवारी, सोमवार

दोन सूत. तुरीएवढी झाली.

उगीच आई आठवली. तिच्याही मानेला गाठ होती, त्यातच ती गेली. दोन वर्षं ती पदराखाली झाकून ठेवत होती आणि आम्हाला वाटायचं, आई किती मर्यादेनं राहते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. तिनं कुणाला दाखवली असती तर काय झालं असतं, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, शनिवार

चार सूत. सकाळी, दुपारी, संध्याकाळी मोजतो. परवा मनाशी ठरवलं, आज पट्टीला हात लावायचा नाही. दिवसभर पडवीत हातांवर बसून राहिलो म्हटलं तरी चालेल. काल सकाळी बोटाला ती तेवढीच लागली. बरं वाटलं. मग खात्री करून घ्यावी म्हणून पट्टी लावली, आणि आज बघतो तर सूतभर वाढलेली.

द्वारकेला पत्र टाकलं. इकडे सर्व क्षेम आहे, हवा कोरडी आहे, भाकरी चांगली मिळते असं लिहिलं. सगळं खरंच होतं.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

रजा काढून बारामतीला गेलो. आज तिथला बाजार. डॉक्टर वयस्क आणि शांत आहेत. दोन बोटांनी चाचपून म्हणाले, घाबरण्यासारखं वाटत नाही, पण नुसत्या वाटण्यावर भागत नाही. मग गाठीचा बारीक तुकडा काढला, बाटलीत घालून पुण्याला पाठवतो म्हणाले. उत्तर यायला तीन आठवडे लागतील. तोवर सारखा हात लावू नका, असंही बजावलं. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

खानावळीत जेवायला बसलो, पण लक्ष ताटात नव्हतं. समोर येईल त्याच्या मानेकडे पाहत होतो. एवढा बाजार भरलेला आणि सगळ्यांच्या माना सपाट. मला त्या सगळ्यांचा राग आला. परतीच्या एसटीत मफलर गुंडाळून बसलो होतो.

२३ फेब्रुवारी, बुधवार

धोंडाबाईंच्या खळ्यावर आज ज्वारीची रास मापायची होती. एकटा बसून काय करायचं म्हणून गेलो. त्यांचे मालक आबाजी पायली घेऊन राशीशी बसले होते. लाभ म्हणाले आणि मापू लागले. आकड्याशिवाय शब्द नाही. बायामाणसंसुद्धा गप्प होती. वडिलांची आठवण झाली, डोळे भरून आले. ते पुसताना मफलर घसरला.

धोंडाबाईंनी पाहिलं. मला बाजूला घेऊन कधीपासनं हाय, केवढी हाय, असं विचारलं. मी ताबडतोब सांगितलं, सात सूत. त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, “मापलीया? पयल्या मापाला काय म्हनला?”

मी सांगितलं. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं.

“आरं लेकरा, दुखन्याला कुनी लाभ म्हनतं व्हय?”

मग हळू आवाजात जे सांगितलं ते असं. लाभ म्हणून माप हाती घेतलं की रास सरल्याबिगर खाली ठेवता येत नाही. मधेच उठायचं तर दुसऱ्याच्या हाती द्यायचं, आणि त्यानं आपल्या तोंडानं नव्यानं लाभ म्हणायचं. मी विचारलं, इथं रास कोणती? त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. जाताना एवढंच म्हणाल्या, “पन तुमी तरी कुनाच्या हाती देनार, बाबा?”

मी मॅट्रिक झालेला सरकारी नोकर आहे. असल्या गोष्टी मनाला लावून घेणार नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

फूटपट्टी कालव्यात टाकली. उपयोग झाला नाही. बोटांना माप पाठ आहे. आठ.

द्वारकेला लिहिलं, पाडव्याला येऊ नका, इथं पाण्याचा त्रास आहे. कालव्याच्या काठी बसून हे लिहिलं.

२ मार्च, बुधवार

नऊ. मी मोजलं नव्हतं. दोन्ही हात मांडीखाली होते. ओठ मिटलेले. तरी कानाखालून, आतून, कुणीतरी सावकाश म्हटल्यासारखं — वडील म्हणत तसं, प्रत्येक आकड्याला थांबून. नऊ.

धोंडाबाई भाकरी आता दारातल्या दगडावर ठेवून जातात. हाक मारत नाहीत. त्यांचा दोष नाही.

दुपारी सोनबाला म्हटलं, जरा बघ रे, केवढी आहे ती मोज. सहज म्हटल्यासारखं म्हटलं. त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले. “साहेब, मला चार लेकरं हायती,” म्हणाला. मग मला माझी इतकी लाज वाटली की तो गेल्यावर मी तोंडावर मफलर धरून रडलो.

डॉक्टरांचं पत्र नाही.

५ मार्च, शनिवार

अकरा. मान वळत नाही. रात्री नाही, दिवसाच जास्त भीती वाटते, कारण दिवसा दिसतं.

कुणाला देणार नाही. आईनं दिली नव्हती. एवढं तरी मला जमलं पाहिजे.

७ मार्च, सोमवार

द्वारका आली. सारजाला घेऊन. मी येऊ नका लिहिलं तर ही आली. म्हणते, मजकुराकडे कशाला बघू, तुमचं अक्षर असं थरथरलेलं कधी पाहिलं नव्हतं. घसा बसला आहे म्हणून मफलर बांधलाय, असं सांगितलं.

सारजा गळ्यात पडायला आली. मी तिला दूर केलं. ती बराच वेळ कडुनिंबाखाली एकटीच गळलेली पानं मोजत बसली होती. लाभ, दोन, तीन — मी कान झाकून घेतले.

यांना परवाच परत पाठवतो. उद्या एसटीची वेळ विचारून —

८ मार्च, मंगळवार. दुपार

जेवून डोळा लागला. लागायला नको होता. किती दिवसांनी घरात माणसं होती, तव्याचा वास होता, आणि डोळा लागला.

जाग आली तेव्हा मफलर बाजूला होता. सारजा उशाशी. गाठीवर तिची बोटं, गार, बारीक. एकेक बोट पुढे सरकवत —

मी ओरडलो. तिचा हात झटकला. ती भेदरून द्वारकेकडे पळाली. म्हणत होती, बाबांचं मोजत होते, बाबांनी मारलं.

मला विचारायचं आहे, पहिलं काय म्हणालीस. विचारत नाही. मला ऐकू आलं होतं.

९ मार्च, बुधवार

मान सपाट आहे.

आरशात पाहिलं, बोटांनी पाहिलं, द्वारकेला बघायला लावलं. ती म्हणाली, काय बघू, काही तर नाही. डॉक्टरांनी तुकडा काढला तिथं बारीक वण आहे, बस. मी पडवीत उड्या मारल्या. खोटं कशाला लिहू — इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. दुपारपर्यंत मला दुसऱ्या कशाची आठवणसुद्धा झाली नाही.

दुपारी टपाल आलं. डॉक्टर लिहितात, पुण्याचं उत्तर आलं, तुकड्यात वाईट काही सापडलं नाही, निर्धास्त असा.

निर्धास्त.

१० मार्च, गुरुवार

सारजा माझा मफलर बांधून बसली आहे. एवढं ऊन, तरी सोडत नाही. द्वारका म्हणते, बापाचं सोंग घेते आहे, घेऊ दे.

मघाशी दारात येऊन उभी राहिली. “बाबा, फूटपट्टी कुठं हाय?”

कशाला, असं विचारलं. तिनं हात कानाखाली नेला.

— दुपार. ती झोपली आहे. मफलरची गाठ सैल आहे, एका हातानं सुटेल. माप परत घेता येतं. धोंडाबाई म्हणाल्याच होत्या, दुसऱ्यानं नव्यानं लाभ म्हणायचं. दुसरा मी. तिच्या मानेला हात लावायचा आणि एक शब्द. एवढंच.

माझा हात माझ्याच मानेवर आहे. किती गुळगुळीत — मी उठणारच आहे. कोण बाप उठणार नाही? फक्त हे पान पुरं करतो. हे पान पुरं झालं की लगेच —

पलीकडून तिचा आवाज येतोय. झोपेतच मोजते आहे. दोन म्हणाली. तीन व्हायच्या आत उठतो, आधी एवढी ओळ —