वर्गणीतला वरचा एक डॉलर

नेपरव्हिल, मार्चअखेर

तीर्थस्वरूप प्रल्हादभाऊजी यांस सुनेत्राचा वाकून नमस्कार.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि व्हॉट्सॲपवर कितीही लिहिलं तरी नुसता अंगठा दाखवता. गुडघा कसा आहे? ऋतावहिनींनी सांगितलेले व्यायाम करता, की फक्त त्यांच्यासमोर करता? तुमच्या एडिसनला कसं आहे ठाऊक नाही, आमच्याकडे बर्फ वितळला, मग पुन्हा पडला, आणि मी स्वेटर आत-बाहेर करून थकले. तुमच्या धाकट्या बंधूंची तब्येत उत्तम आहे. जेवतात, झोपतात, फक्त मध्यंतरी काही दिवस घरात खाली मान घालून वावरत होते. त्याचीच हकिकत सांगायची आहे.

तुमची पुतणी इशिता इथल्या पार्क डिस्ट्रिक्टच्या बोर्डासाठी उभी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (म्हणजे गावातली मैदानं, बागा, पोहण्याचा तलाव सांभाळणारं मंडळ. पगार शून्य, मान बेताचा, शिव्या मुबलक. आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीचं असतं तसंच.) आमच्या घरामागचं मोठं मैदान एका बिल्डरच्या घशात घालायचं घाटतंय आणि पोरगी म्हणते, मी असेपर्यंत नाही. मला आधी वाटलं, चार दिवसांची हौस आहे. पण सगळा हिवाळा ती एकटी घरोघर दारं वाजवत फिरली. परवा दाराशी तिचे बूट पाहिले, टाचा पार झिजल्या आहेत, आणि मला एकदम भरून आलं. निवडणूक पुढच्या आठवड्यात मंगळवारी.

तर फेब्रुवारीपासून टपालाने चकचकीत कार्डं यायला लागली. त्यांवर इशिताचा काळापांढरा फोटो, जणू नुकतीच बँक लुटून आली आहे, आणि खाली इशारा की ही मुलगी तुमचा कर वाढवणार. पाठवणारी 'गुड नेबर्स कमिटी'. (अशा कमिटीला पॅक म्हणतात. स्वतः निवडणुकीला उभी राहत नाही, लोकांकडून पैसे गोळा करून कुणाला तरी चढवते किंवा पाडते.) कार्ड पाहून हे असे गरजले की शेजारचा कुत्रा उठला. कोण नालायक यांना पैसे देतात ते मला एकदा बघायचंच आहे, म्हणाले. आता नवऱ्याने इतक्या वर्षांत एक इच्छा बोलून दाखवली, ती पुरी करायला नको?

कोणत्या कमिटीला कुणी किती दिले, हे राज्याच्या निवडणूक मंडळाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. मी उभी हयात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरलं, तेव्हा चहा गार व्हायच्या आत यादी माझ्यासमोर होती. वर बिल्डरच्या कंपनीचे भलेमोठे आकडे. ते अपेक्षितच होतं. मी खाली सरकले. दोनशे, अडीचशे, पाचशे. आणि मध्येच १५१. पुन्हा १५१. मग २५१. भाऊजी, मी चहाचा कप खाली ठेवला. या देशात वर एक ठेवून पैसे देणारी जमात कोणती, हे कळायला नावं वाचायची गरज नव्हती. तरी वाचली. आमचं अख्खं महाराष्ट्र मंडळ, ढोल पथकासकट! आणि १५१च्या पहिल्याच ओळीत आपले विक्रमराव, घरच्या पत्त्यासह.

घडलं होतं असं. आमच्या गल्लीत स्कॉट म्हणून एक घरं विकणारा गृहस्थ राहतो. मंडळाच्या गणपतीला तो झब्बा घालून आला, मोदक खाल्ले, आरतीला टाळ्या वाजवल्या (भलत्याच ठिकाणी, पण मनापासून) आणि मग हसतमुखाने 'गुड नेबर्स'चं पावतीपुस्तक काढलं. गणपतीच्या मांडवात पावतीपुस्तक दिसलं की आपल्या माणसाचा हात आपोआप खिशात जातो. कशासाठी, हे विचारणं म्हणजे कंजूषपणा. सगळ्यांनी रांगेत उभं राहून चेक फाडले. आणि कायद्याची मेख अशी की दीडशेपर्यंत देणाऱ्याचं नाव यादीत घालावं लागत नाही, त्याच्या वर गेलं की नाव-पत्ता जाहीर. सरळ दीडशे दिले असते तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. शुभ म्हणून ठेवलेल्या एका डॉलरने बहुतेकांना उघडं पाडलं.

यादी दाखवल्यावर हे म्हणाले, दुसरा कुणी विक्रम असेल. (आमच्याच घरात राहणारा.) मग यादी छापून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. रविवारी इशिता जेवायला आली तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच यादी तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "बाळा, तुला पाडायला मी पैसे दिलेत. न विचारता दिले." मला वाटलं, पोरगी ताटावरून उठणार. तिने यादी वाचली, म्हणाली, "बाबा, आर यू सिरियस? माझा तो अग्ली फोटो तुम्ही फंड केलात?" आणि जी हसत सुटली ती थांबेना. हे हसले नाहीत. ह्यांचे डोळे भरून आले होते.

गेल्या गुरुवारी लायब्ररीत उमेदवारांची सभा झाली. कमिटीच्या वतीने स्कॉटने माइकवर ठणकावलं की आमच्यामागे गावातली साधी कुटुंबं आहेत, यादी सर्वांना खुली आहे. इशिता शांतपणे उठली. म्हणाली, यादी मी वाचली, मोठे आकडे बिल्डरचे आहेत, आणि साध्या कुटुंबांतलं एक माझंच. माझे वडील तिसऱ्या रांगेत बसलेत, त्यांना वाटलं की आपण देवाला दिले. सभागृहात हशा उसळला. हे उभे राहिले, हात जोडले. मग मागून आमच्या मंडळातली देवयानी उभी राहिली, तिचा नवरा उभा राहिला, आणि बघता बघता अर्धं मंडळ हात जोडून उभं! येत्या शनिवारी हीच सगळी मंडळी इशितासाठी दारोदार जाणार आहेत. पोरगी निवडून येईल का, ते सांगता येत नाही. पण आता ती एकटी फिरत नाही, आणि मला मनापासून वाटतं की येईल.

वहिनींना नमस्कार, आणि गुडघा जपा.

आपली,
सुनेत्रा

ता. क. – त्या यादीत ५०१चा एक आकडा एडिसन, न्यू जर्सीचा आहे. थोरले बंधू म्हणून रक्कमही थोरली. गणपतीला तुम्ही आमच्याकडेच होतात, तेव्हा दुसरा कुणी प्रल्हाद असेल असं कृपा करून म्हणू नका. सभेत ते नाव घ्यायचं इशितानेच टाळलं, काकांना राहू दे म्हणाली. वहिनींना मी काही बोललेले नाही. शनिवारी सकाळी इथे पोहोचणारं विमान आहे, मी तिकिटांचे दर पाहून ठेवलेत.

ता. क. २ – पाकीट बंद करत होते, तोवर ह्यांनी इशितासाठी लिहिलेला चेक टेबलावर आणून ठेवला. दीडशेचा. वरचा एक कुठाय, विचारलं, तर म्हणतात, आता नियम कळलाय, उगीच नाव कशाला छापून यायला हवं? मी तो चेक तिथेच फाडला. पाडणाऱ्यांच्या यादीत बापाचं नाव चालतं, आणि लेकीच्या यादीत नको? दुसरा लिहायला लावला, एकशे एक्कावन्नचा. ह्यांची सही एरवी बँकेलाही उलगडत नाही. या चेकवर मात्र सगळं नाव स्वच्छ वाचता येतंय.