पहिल्या ओळीतलं नाव

मंगळवार, १२ जानेवारी १९८८

दिवाळीपासून ही वही उघडली नाही, चुकलंच. आज उघडली ती लाजेनं.

आमच्या संगणक शाखेत मशीन सुरू करायची फाइल कुणी नव्यानं लिहीत नाही. दुसऱ्याच्या फाइलीची नक्कल करून आकडे तेवढे बदलतात. काल मी कुंभारे बाईंच्या फाइलीची नक्कल केली. टर्मिनल जोडायच्या लाइनीचा आकडा बदलायचा राहिला, दोन प्रोग्राम एकाच लाइनीवर अडले आणि सकाळी सगळे टर्मिनल बंद. फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते मात्र बाईंचंच राहिलेलं.

साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काय बाई, मशीनले फोडणी देऊन राहिल्या का?" सगळे हसले. मीसुद्धा.

नंतर बाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, मी तं त्या फाइलीले हातही नाही लावला. माझं नाव काहून आलं?"

"पाहतो," म्हणालो.

त्यांना परत टंकलेखनात पाठवायचा कागद टाइप झालाय. पहिल्या ओळीतलं ते नाव मला काल दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. काल पुसायचा कंटाळा केला आणि आज त्याचीच सोय झाली.

उद्या: साहेबांची सही व्हायच्या आत, सगळ्यांसमोर, फाइल माझी आहे हे सांगणे.