महिपतकाकांचं बोचकं

चंद्रभागे,

आपल्या निवाऱ्यातले चार नंबरच्या खोलीतले महिपतकाका निघून गेले. चूक माझीच. सकाळी त्यांच्या खोलीत केर काढताना मी उशाचं बोचकं उचलून माळ्यावर टाकलं. जाग आल्यावर त्यांना ते दिसलं नाही, तसेच अनवाणी चालू पडले. अगं, फुटपाथ साफ करायला पालिकेची गाडी येते तेव्हा आधी बोचकी उचलतात, मग माणसं. हे मला कुणी सांगायला हवं होतं का? आपण दोघीही पुलाखालूनच आलो ना!

बोचकं घेऊन कोपरीच्या पुलाखाली जातेय. तिथे नसले तर टेंभी नाक्यापर्यंत बघेन.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये निवारा चालवणाऱ्या मंडळातले म्हणतील, म्हातारा आठ दिवसांत कंटाळला, खोली पुढच्याला द्या. तू अडून बस. खोली कायमची, असं सांगून आपणच त्यांना आणलंय. दाराला कुलूप घालू नकोस. पिठलं झाकलंय, त्यांच्यापुरतं ठेव.

आणि माझ्या खाटेखालचं बोचकं आवरायला घेऊ नकोस. तीन वर्षं झाली इथे येऊन, कळतंय मला. पण अजून गाठ सोडवत नाही.

जनाबाई