लाल चौकट आणि माझं मौन

सूनबाई,

"आई, कॉम्प्युटरवर लाल चौकट आली की काही दाबू नका, मला हाक मारा," असं तू बजावलं होतंस. परवा ती आली तेव्हा माझं सकाळचं मौन होतं. हाक मारता येईना, म्हणून 'अँटीव्हायरस घ्या' यावर मीच बोट ठेवलं. कॉम्प्युटर बंद पडला तेव्हाही तुला खरं कारण सांगितलं नाही. चुकलंच माझं.

ज्याच्याकडे कॉम्प्युटर दिलाय, त्या दुरुस्तीवाल्याचा फोन आला होता. तुझा प्रबंध शाबूत आहे. म्हणाला, "काकू, घरच्या कॉम्प्युटरला वेगळा अँटीव्हायरस कशाला? त्याच्या स्वतःच्याच राखणदाराने अडवलं सगळं. फक्त अपडेट चुकवू नका, आणि घाबरवणाऱ्याचं ऐकू नका."

पुन्हा चौकट आली तर मौन मोडेन, देवाला तसं सांगितलंय.

प्रबंध आजच पाठवायचाय ना? दुपारच्या आत कॉम्प्युटर तुझ्या टेबलावर असेल, हा माझा शब्द. तू झोप, मी दार हळूच ओढून त्याच्या दुकानात निघते.

आई