भिंतीवरचं बी

ता. १४ एप्रिल १९७३, शनिवार

परत भोपळा डोक्याला लागला. खाटेवरून उठलो की बरोबर टाळक्यात. चांगुणाआक्काने हिवाळ्यात आणून आढ्याला टांगलाय. वाळका, पोकळ, तोंड शेणाने लिंपलेलं. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, "राहू दे. चुलीच्या धुराला बरा. काढू नको." दृष्टीबिष्टीचं काही असेल. मी परत विचारलं नाही.

आसारामची चिठ्ठी आली. आमच्या गावचा, नागापूरला कारखान्यात लागलाय. "सोमवारी ये, हेल्पर घेणार आहेत. अंघोळ, दाढी करून ये. मळक्या माणसाला गेटावरूनच वाटेला लावतात."

जाणार. इथे कोणाला बोललो नाही. पाच महिने झाले कोल्हारला येऊन, नुसतं पाणी धरतोय. चौदा घरांनी मिळून ही भाजीची वाडी केलीय, मी त्यांचा पगारी माणूस. भाजी बाजारातून आणायची नाही, बीसुद्धा आणायचं नाही, असा यांचा नेम. दुष्काळात तांब्यातांब्याने वांगी जगवायची आणि म्हणायचं आम्ही कुणाचे मिंधे नाही. आमच्या पाथर्डीकडं प्यायला पाणी नाही, आई खडी फोडायला जाते. आणि इथे बियाचा मोठेपणा!

ता. १६ एप्रिल, सोमवार

नागापूरला जाऊन आलो. पाय मोडलेत.

पहाटे अंघोळीला पाणी तापवायचं तर काटकी नाही. सगळ्या वस्तीची जनावरं छावणीत, त्यामुळे गोवऱ्याही नाहीत. काकासाहेबांच्या रिकाम्या गोठ्याच्या मागल्या भिंतीला शेणाच्या सात थापट्या दिसल्या. लहान, तळहाताएवढ्या. हिवाळ्यातल्या राहिल्या असतील म्हणून उचकटल्या. चांगल्या पेटल्या. आत तडतड वाजत होतं. मका खाल्लेल्या जनावराचं शेण असेल. हौदातलं बादलीभर पाणी घेतलं. वांग्यांचं पाणी, कळतं मला. पण एकदाच.

फोरमनने हात बघितले. भिंतीवरची पाटी वाचायला लावली. चौथी झालेली कामाला आली. "कळवू," म्हणाला.

ता. १९ एप्रिल, गुरुवार

आज आक्काबरोबर वांग्याचं बी काढलं. वाडीचं बी राखायचं काम तिच्याकडे. बियाला राखलेली वांगी पार पिवळी झालीत, देठाला चिंधी बांधलेली. मी आपलं सगळ्यात मोठं उचललं.

"ते टाक भाजीत," म्हणाली.

"एवढं मोठं हाय की."

"पानी खाऊन मोटं झालंय. पाटाच्या कडंचं झाड हाय ते. आदी झाड बग, मंग फळ. ते बग तिकडचं, येकलं हुबं हाय, तहान काढून. त्याचं घ्यायचं. आन् पैलं फळ न्हाई, शेवटचंबी न्हाई. मधलं."

वांगं कुस्करून पाण्यात टाकायचं. वर तरंगेल ते फेकायचं, तळाला बसेल ते ठेवायचं. दुपारभर तेच. माझं मन नागापूरला. तरी म्हणाली, "हात बरा हाय तुजा, पुंजाराम."

एक बघितलंय. वाडीत दुसऱ्या कोणी पाणी घातलं तर आक्का आळ्यात बोट खुपसून ओल कुठवर गेली ते बघते. काकासाहेब एवढे वडील, त्यांचंही सोडत नाही. माझं बघत नाही. तसं का, कोण जाणे.

ता. २२ एप्रिल, रविवार

कसं लिहू.

सकाळी आक्का गोठ्यामागून पळत आली. पळत आलेली तिला कधी बघितली नव्हती. "थापट्या कुटं गेल्या?" साध्या थापट्या नव्हत्या त्या. दोडका, दुधी, कारलं, डांगर, सगळ्या वेलांचं बी शेणात घालून तिने भिंतीला थापलं होतं. इकडे तसंच ठेवतात म्हणे, किडा लागत नाही. आमच्याकडे मडक्यात, राखेत ठेवतात. मला काय माहीत!

मला काय माहीत, हे त्याच वेळी तोंडाने म्हणायचं होतं. माणसं जमली, "चोरलं कुणीतरी" म्हणाली, आणि मी त्यांच्यातच उभा राहून भिंतीवरचे गोल डाग बघत राहिलो. कोणाच्या मागे तरी लपायला बरं म्हणून वाडीतल्याच मच्छिंद्रच्या मागे उभा होतो.

ता. २३ एप्रिल, सोमवार

उकिरड्यावर जाऊन माझ्या चुलीची राख चाळली. दोडक्याचं एक बी सापडलं. दोडक्याचं बी मुळात काळंच, जळालंय का ते कळेना. नखाने दाबलं. भुगा झाला.

ता. २५ एप्रिल, बुधवार

कडुनिंबाखाली बैठक झाली.

मच्छिंद्र आडून बोलला. "आक्का, तुमच्या भावाचा मळा लई हिरवा हाय म्हनत्यात राहुरीकडं."

"आसंल. त्याच्या हिरीला पानी हाय."

"पानी हाय. बी बी आसंल आता."

दोडक्याचं मूळ बी आक्काने लग्नात माहेराहून आणलेलं. म्हणून माहेराला परत दिलं, असं त्याचं म्हणणं. आक्काच्या मागे कोणी नाही. घरात एकटी बाई, पोरगी सासरी. तिच्या बाजूने बोलायला कोणी उठलं नाही. मीही नाही.

काकासाहेब वस्तीत सगळ्यात वडील. त्यांनी बेलभंडाराचं ताट मधे ठेवलं. घरटी एकाने उचलायचं आणि सांगायचं, बी मी घेतलं नाही. आक्काने सगळ्यांच्या आधी उचललं. चौदा झाले. मी खाली बघून उभा. कोणीतरी म्हणालं, पुंजाराम राहिला. तर मच्छिंद्रच हसून म्हणाला, "त्याला कशाला? पगारी मानूस, त्याला बी घिऊन काय करायचंय? पेरील कुटं, खाटंखाली?"

सगळे हसले. मीही हसलो. सुटलो असं वाटलं, आणि लगेच स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

ठरलं असं. या वेळी बी बाजारातून आणायचं. आणि पुढच्या सालापासून बी राखायचं काम मच्छिंद्रच्या बायकोकडे. आक्का एवढंच म्हणाली, "बाजारातलं आखिती झाल्यावर आना. तवर थांबा." आखिती म्हणजे अक्षय तृतीया, वेलांचं बी त्या दिवशी टोकतात. काकासाहेबांनी मान हलवली.

ता. २६ एप्रिल, गुरुवार

आज सांगणार होतो. सांगितलं नाही.

ता. २९ एप्रिल, रविवार

विहिरीवर आक्का आली की बायका घागरी उचलून सरकतात. एकीने तर अर्धी घागर घेऊनच काढता पाय घेतला. आक्का माझ्याशी मात्र नेहमीसारखी बोलते. वाडीत आता तेवढा मीच राहिलोय तिला बोलायला.

"गावाकडं आईचं कसं हाय?" म्हणाली.

"हाय. खडी फोडती."

"पाऊस पडला की बी लागंल तिला. माझ्याकडनं घिऊन जा थोडं."

कुठलं बी देणार होती ती मला? तोंडावर आलं होतं सगळं. म्हटलं, "आक्का—" ती थांबली. मी म्हटलं, "दोर जुना झालाय, बदलाय पायजे."

दोर बदलायला पाहिजे! थू.

ता. २ मे, बुधवार

आसारामची चिठ्ठी. काम झालं. सोमवारी सात तारखेला आठ वाजता गेटावर हजर.

आधी आनंद झाला. मग वाटलं, बरं झालं, गुपचूप निघून जाऊ, नाव निघणार नाही. त्या अंघोळीनेच काम मिळालं आणि त्याच अंघोळीने आक्काचं नाव गेलं. दोन्ही मीच केलं, आणि त्यातलं चांगलं तेवढं घेऊन चाललोय.

ता. ५ मे, शनिवार. आखिती

आळी खोदून, शेणखत घालून तयार. सगळी वस्ती वाडीत. मच्छिंद्र म्हणाला, "आक्का, आखिती आली. आता आनू का बाजारातलं?"

आक्का माझ्या खोलीकडे चालायला लागली. सगळे मागोमाग. ती आत गेली, माझ्या खाटेवर चढली आणि आढ्याचा भोपळा सोडला. बाहेर आणून दगडावर आपटून फोडला. आत राख, आणि राखेत बी. दोडका, दुधी, कारलं, डांगर, सगळ्याच्या वेगळ्या पुरचुंड्या.

"बी येका घरात ठेवायचं नसतं," म्हणाली. "अर्दं दुसऱ्या घरी. कुनाच्या ते आखितीपतूर बोलायचं न्हाई, ही माझ्या सासूची रीत. आन् भिंतीवरचं गेल्यावर तर कशी बोलू? त्या चोराला हेबी दावू?"

काकासाहेब म्हणाले, "पन ह्याच्याकडं कसं काय ठेवलं?"

"बाहेरचा हाय म्हनून. ह्याला हितं ना भाऊ ना मेव्हना. दील कुनाला? आन् काढू नको म्हनलं तर पोरानं कवा हात लावला न्हाई."

मच्छिंद्र ऐकेना. "म्हंजे अर्दं हितं आन् अर्दं भावाला."

आक्काने त्याच्याकडे बघितलंच नाही. दोडक्याच्या चार बिया माझ्या हातावर ठेवल्या. "पैलं आळं तू टोक."

मी टोकलं. चौदा घरांसमोर, वाकून, दोन बोटांनी. वर माती ओढायची विसरून तसाच वाकून राहिलो. कोणीतरी म्हणालं, बघा, पोराला भरून आलं.

ता. ६ मे, रविवार

सांगितलं. कडुनिंबाखाली सगळ्यांना बोलावून. अंघोळीचं, हौदातल्या पाण्याचं, नागापूरचं, सगळं. मच्छिंद्र ताडकन उठला आणि परत खाली बसला. मग म्हणाला, "आक्का, माझं चुकलं." ती त्याला "हां" म्हणाली.

मला म्हणाली, "तू आसा निघशील हे मला ठावं आसतं तर बी तुज्याकडं ठेवलं आसतं व्हय?"

एवढंच. मग घरी गेली.

ता. ७ मे, सोमवार

उठताना सवयीने वाकलो. वर नुसती दोरी.

नागापूरच्या एस.टी.चा हॉर्न ऐकू आला तेव्हा तिसऱ्या आळ्यात पाणी घालत होतो. गाडी गेली. चौथ्यात घातलं.

आक्का बांधावरून आली. पहिल्या आळ्यापाशी बसली, बोट खुपसून बघितलं. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात.