उंबरा, सहा फुटी फळी आणि माझी बॅटरीवरची खुर्ची

मी, नेमिनाथ पायगोंडा मगदूम, वय वर्षे एकसष्ट, धंदा मोटार रिवायंडिंग व बॅटरी चार्जिंग, राहणार निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कमरेखालचे शरीर बारा वर्षांपूर्वीच रजेवर गेले, पण मृत्युपत्राला त्याची गरज लागत नाही असे आमचे वकील सिद्राम ढाले यांनी सांगितले आहे. कान शाबूत आहेत. आत्ताच स्वयंपाकघरात पत्नी चंदना पुटपुटली, "मरायचं कागद लिवतोय, आन् भूक लागली म्हणून दोनदा विचारून गेलाय." ते मला ओसरीवर ऐकू आले. कोणाची जबरदस्ती नाही, धाक नाही. भूक मात्र आहे, म्हणून मुद्द्याचे लिहितो.

कलम १. राहते घर चंदनाच्या नावे. ती आहे तोवर तिला कोणी "आक्का, इथनं उठा" म्हणायचे नाही. तिच्यामागे मुलगा भूपाल याचे. परसातील लिंबाचे झाड तोडू नये. त्याच्याखाली माझी बॅटरी चार्ज होते. त्याचे कारण पुढे येईल.

कलम २. बँकेतील रकमेचे तीन सारखे वाटे: चंदना, भूपाल आणि सदलग्यास दिलेली मुलगी राजमती. यावर चर्चा नको.

कलम ३. दुकानाची जागा भूपालची. आतील गुंडाळी यंत्र, पाने, चार्जर व तांब्याच्या तारेची रिळे शामू मिस्त्री याची. भूपालला मोटारीतला आवाज कळत नाही. तो शाळामास्तर आहे, त्याला पोरांचा आवाज कळतो, ते पुरे. शामू माझ्याकडे एकोणीस वर्षे आहे. मी अकराव्या वर्षी कोल्हापुरात गॅरेजमध्ये नटबोल्ट धूत होतो, तिथे मला कोणी शिकवले नाही. आडोशाला उभा राहून मिस्त्री कुठल्या आवाजाला काय म्हणतात ते ऐकायचो. शामूला मी समोर बसवून शिकवले आणि तरी तो माझ्याइतकाच तयार झाला. याचे मला अजून नवल वाटते.

कोगनोळीचे चुलतभाऊ गुंडू माझ्या मनगटी घड्याळावर डोळा ठेवून आहेत. घड्याळ त्यांना द्यावे. ते रोज अकरा मिनिटे मागे पडते हे सांगू नये.

कलम ४. आता खुर्ची.

सन १९७४ साली एका मळ्यात विहिरीतून पंपाची मोटार वर काढताना मी खाली गेलो आणि मोटार वर राहिली. मिरजेच्या दवाखान्यात पडल्या पडल्या एका मासिकात परदेशातील विजेच्या खुर्चीचे चित्र पाहिले. पाच वर्षे ते डोक्यात फिरले. मग आम्ही आमचीच केली: अॅम्बॅसेडर गाडीच्या डायनॅमोलाच वीज देऊन केलेली मोटार, सायकलची साखळी, मागे मोपेडची चाके, बुडाखाली लॉरीची बॅटरी. माणसाच्या चालीने चालते. निपाणीची सगळी बाजारपेठ मी तिच्यावरून पाहिली. चिकोडीकडची गिऱ्हाइके भाव पाडायचा बेत माझ्यासमोरच कन्नडात करत. त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत मी खुर्चीवर हसतमुख बसून असे आणि मग कन्नडातच भाव सांगत असे.

ही खुर्ची भूपालला मिळणार नाही. गेल्या महिन्यात जेवताना तो शामूला म्हणाला, "आप्पा गेल्यावर खुर्ची दुकानात काचेत ठेवू. हार घालू." मी पलीकडच्या खोलीत होतो. बाबा भूपाल, तुझे प्रेम कळले. पण काचेत ठेवलेली बॅटरी सहा महिन्यांत मरते. हार माझ्या फोटोला घाल, त्याला चार्जिंग लागत नाही.

खुर्ची मी समोरच्या मारुतीराव खोतांची बहीण कुमारी शेवंता हिला देत आहे. वय एकतीस, लहानपणी पोलिओ, मॅट्रिक पास. बेअरिंगच्या चाकांच्या फळीवर बसून घरात फिरते. बाहेर जायचे तर मारुती पाठीवर घेतो. मारुती आता पन्नाशीला आला आणि त्याची कंबर कुरकुरते, तीही मला इथे ऐकू येते. तळ्याकाठच्या बालवाडीत शेवंताला जूनपासून शिकवायला बोलावले आहे. गल्लीतून तीनशे पावले. मारुती नाही म्हणतो. लोक समजतात, बहीण यंत्रावर बसून रस्त्याने गेली तर त्याला कमीपणा वाटेल. तसे नाही. मी ऐकले आहे. तो तिला म्हणत होता, "शिकवाय जाऊ नको म्हणत न्हाय गं मी. पर ती खुर्ची सुटली तर? मी बघितलीया की सुटल्याली!"

त्याने खरेच बघितली आहे. म्हणून हे कलम लांबणार.

सन १९७९, रविवार. पहिली चाचणी. मी घाईने दिव्याचे घरगुती बटण लावले होते, एकदा दाबले की दाबलेलेच राहणारे. मारुती दारातल्या कट्ट्यावर न्हाव्यापुढे दाढीला बसला होता. बटण दाबले, खुर्ची निघाली आणि माझा अंगठा घसरला. ब्रेक "पुढच्या आठवड्यात बसवू" असे ठरले होते. गल्ली ओलांडून मी खोतांच्या आईच्या पापडांच्या बाजेत घुसलो आणि न्हाव्याच्या कोपराला धडकलो. मारुतीची डावी मिशी गेली. माफी मागायची तर मी हसलो. मी एकटा नाही, न्हावीही हसला, पण न्हाव्याशी मारुती बोलतो आणि माझ्याशी सात वर्षे बोललेला नाही.

मारुती, चूक खुर्चीची नव्हती, माझी होती. आणि हसणे ही त्याहून मोठी. हे वकिलाच्या कागदावर लिहून देतो.

कलम ५. ती खुर्ची आता तशी नाही. आताच्या बटणाखाली स्प्रिंग आहे. बोट उचलले की वीज तुटते आणि खुर्ची थांबते. घाबरून हात सोडला तरी थांबते, घाबरण्याचा फायदा असणारे हे गल्लीतले एकच यंत्र. ब्रेकचा दांडा डाव्या हाताला आहे. रोज निघण्यापूर्वी दारातच चार पावले चालवून ब्रेक दाबून पाहावा, वाटेत नव्हे. बसताना आणि उतरताना किल्ली काढलेली असावी. किल्ली पदराला बांधावी, पण पदर कमरेला खोचलेला असावा. साखळीवर मी पत्रा बसवला आहे, तरी साडीला साखळीची ओढ फार.

चढ सरळ चढावा, उतार सरळ उतरावा. तिरके गेले की खुर्ची कलंडते. पाठीमागे पिशवी अडकवू नये, चढावर पुढची चाके उचलतात. बालवाडीच्या पाट्या मांडीवर घ्याव्यात.

बॅटरी रोज संध्याकाळी चार्ज करावी, थोडी वापरली असली तरी. वीज गेली तर आली की लावावी. पण लिंबाखालीच, उघड्यावर. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो. तो दिसत नाही, पण ठिणगीची वाटच पाहत असतो. चूल, उदबत्ती, बिडी जवळ नको. ही शेवटची सूचना शेवंतासाठी नाही, तिच्या भावासाठी आहे. बुचे उघडून पातळी पाहावी. आतल्या पट्ट्या बुडतील एवढेच डिस्टिल्ड पाणी घालावे, विहिरीचे नाही, आणि आपल्या मनाने अॅसिड तर कधीच नाही. टोकांवर पांढरा-हिरवा फुलोरा आला तर खुर्चीची किल्ली काढून गरम पाण्यात सोडा टाकून पुसावे, कोरडे करून व्हॅसलीन लावावे. बॅटरीपाशी पाना धरताना हातात धातूचा दागिना नको. काचेच्या बांगड्या चालतील. सोन्याच्या पाटल्या मारुतीने अजून केल्या नाहीत, म्हणून तूर्त निर्धास्त.

माझे कान मृत्युपत्राने देता येत नाहीत, म्हणून आवाज लिहून ठेवतो. निरोगी खुर्ची जात्यासारखी घरघरते. किरकिरली तर साखळीला तेल हवे. कांदा तळल्यासारखी चरचरली तर डायनॅमोचे ब्रश झिजले, शामूला बोलवावे. टकटक आली तर लगेच थांबावे, "घरापर्यंत जाऊ" म्हणू नये.

कलम ६. अट एकच. खोतांच्या उंबऱ्यावरून खुर्ची जात नाही. मारुती म्हणतो, "आईनं चाळीस वर्षं हळद-कुंकू लावल्याला उंबरा मी फोडणार न्हाय." बरोबर आहे. चंदनाही आमच्या उंबऱ्याला लावते. फोडू नये. आत एक आणि बाहेर एक अशी फळी ठेवावी. हळदीकुंकवाला सकाळी उचलावी, मग पुन्हा ठेवावी. हिशेब सोपा: उंची जितके इंच, फळी तितके फूट. त्याहून आखूड फळी म्हणजे घसरगुंडी. खोतांच्या दारात मी सात वर्षे गेलेलो नाही, पण रोज सकाळी उन्हात बसायला शेवंताची चाकांची फळी उंबऱ्यावरून खाली टेकताना "ठक्क" होते. त्या आवाजावरून उंबरा साडेपाच इंच आहे. फळ्या बसल्या नाहीत तर खुर्ची तिला मिळणार नाही, शामूने ती सुटी करावी. उंबऱ्यावर आपटून शेवंता पडली तर ती खुर्ची मी दिलेली असेल.

कलम ७. वकील म्हणाले, "अण्णा, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर चालणार. बालवाडी जूनला आहे." मी इतक्या लवकर जाणार नाही, चंदना जेवण चांगले करते. म्हणून मालकी माझ्यामागे, पण सरावासाठी उद्यापासून रोज नऊ ते बारा खुर्ची शेवंताकडे. तेवढा वेळ मी ओसरीवर पेपर वाचीन. दुसरी खुर्ची जोडायला शामूने घेतली आहे. यावेळी ब्रेक आधी बसवला आहे.

कलम ८. अंत्ययात्रेला मला चार माणसांनी न्यावे. बारा वर्षांनी खांद्यावर बसायची संधी आहे, ती बॅटरीवर घालवू नये. या कागदाची अंमलबजावणी वकील ढाले यांनी करावी.

सह्यांपूर्वीची दुरुस्ती: साक्षीदार म्हणून मारुतीरावांना वकिलांनी बोलावले. ते म्हणाले होते, "त्याच्या मरणाच्या कागदावर सही? आनंदानं येतो." आले, खाली मान घालून बसले. वकिलांनी सगळे मोठ्याने वाचले. मिशीचा प्रसंग आला तेव्हा त्यांचा हात ओठांवर गेला, तो हसू दाबायला होता की काय ते दिसले नाही, पण नाकातून निघालेला आवाज मी ऐकला. कलम सहा संपताच ते म्हणाले,

"साडेपाच न्हाय. सहा हाय."

"आवाजावरून साडेपाच," मी म्हणालो.

"तुझं कान ऱ्हाऊ देत, नेमाण्णा. टेप लावून मोजलंय."

वकिलांनी विचारले, "कधी?"

"परवा. बालवाडीच्या बाई येऊन गेल्या, तवा." मग माझ्याकडे पाहून, "बटणाला स्प्रिंग हाय म्हणतोस ते खरं न्हवं?"

मी खुर्ची पुढे घेतली आणि त्याचेच बोट बटणावर ठेवले. त्याने दाबले, सोडले. दाबले, सोडले. अकरा वेळा. खुर्ची अकरा वेळा थांबली.

तरी कलम सहामध्ये "साडेपाच" ऐवजी "सहा" वाचावे. माझे कान अर्ध्या इंचाने चुकले हे मी शुद्धीवर असताना मान्य करतो.

मुक्काम निपाणी, रविवार, दिनांक २० एप्रिल १९८६.

सही: नेमिनाथ पायगोंडा मगदूम

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली:

१. सिद्राम भीमाप्पा ढाले, वकील, निपाणी

२. मारुतीराव रवळू खोत, निपाणी. (सहा फुटी फळ्या दोन. उद्या नऊच्या आत बसवतो.)