घरी बोलली जाणारी भाषा : इंग्लिश

१२ जून, गुरुवार

शाळा उघडली. आजपासून मी साधा इंग्लिशचा मास्तर नाही. प्रिन्सिपल मॅडमनी सकाळीच पत्र हातात दिलं : रविकांत सर, लँग्वेज सपोर्ट कोऑर्डिनेटर. छोटी केबिन, वेगळं टेबल. फिरणारी खुर्ची. एकाच बाजूला फिरते, पण सवय होईल.

काम असं की आमच्या आदिलाबादच्या शाळेत मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू, लंबाडी बोलणाऱ्या घरांतली मुलं येतात, त्यांना इंग्लिशमध्ये पक्कं करायचं. १८ ऑगस्टला हैदराबादहून मान्यता देणारी टीम येणार. ती खूश झाली तर आमची शाळा नुसती पाटीवर नाही, कागदावरही इंटरनॅशनल.

संकल्प : टीम येईपर्यंत शाळेत इंग्लिशशिवाय एक शब्द ऐकू येणार नाही. आणि सुरुवात आपल्या घरापासून. मुलगी ओवी यंदा पहिलीत, माझ्याच शाळेत. पोरीच्या तोंडाला खळ नाही. आज ऑटोतून घरी येईपर्यंत रस्त्यातल्या म्हशी मोजल्या आणि प्रत्येकीला नाव ठेवलं. सगळं मराठीत. एवढी एनर्जी इंग्लिशकडे वळवली तर काय होईल!

१५ जून, रविवार

घरात नियम जाहीर केला. मराठी बंद.

आईला समजावणं अवघड गेलं. ओवीला सांभाळायला ती दोन वर्षांपासून गावाहून, भीमपूरहून इथे येऊन राहिली आहे. म्हणाली, पोट्टीसंगं बोलू नाई तं काय खांबासंगं बोलू? मी शांतपणे समजावलं की हे शास्त्र आहे. तिला तीन शब्द दिले : यस, नो, कम. संध्याकाळपर्यंत 'कम' पाठ झाला. फाटकाबाहेरच्या गाईवर वापरून पाहिला. गाय आली.

आणखी एक. शाळेत ओवीने मला सर म्हणायचं आहे. मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून घरीही सरच म्हणायचं. बायकोने, मयूरीने विचारलं, बाबा म्हटलं तर काय बिघडते, का तुमी आता घरात बी हजेरी घेता? मयूरी तहसील ऑफिसात आहे. अर्ज-दाखल्यांत राहून माणसाला शिक्षणातलं बारीकसारीक कळत नाही.

१ जुलै, मंगळवार

मी स्वतः तयार केलेला फॉर्म सगळ्या पालकांना पाठवला होता. एकच प्रश्न : घरी बोलली जाणारी भाषा कोणती? आज सगळे परत आले. दोनशे बारा फॉर्म. दोनशे बारा उत्तरं : इंग्लिश.

दोनदा मोजले. एकाने 'इंग्लिश' तेलुगू लिपीत लिहिलंय, पण भावना पोचली.

आयाबाई रेणुकाबाई म्हणाल्या की सर, गेटवर बोलून राह्यले लोकं, दुसरी भाषा लिवली तं लेकराले मांगच्या बाकावर बसवते म्हणून. मी हसलो. लोक काहीही बोलतात. रेकॉर्डप्रमाणे या शाळेत सपोर्टची गरज असलेलं एकही मूल नाही. वीस दिवसांत हा रिझल्ट!

माझाही फॉर्म भरला. इंग्लिश. मयूरीने सही करायला नकार दिला, म्हणून दोन्ही पालकांच्या जागी मीच केली.

५ जुलै, शनिवार, दुपारी ४

ऑनलाइन ट्रेनिंग. फारच उपयोगी. आज एक महत्त्वाची संकल्पना मिळाली : सायलेंट पीरियड. मूल नव्या भाषेत गेलं की काही दिवस गप्प राहतं. घाबरायचं नाही. आत भाषा मुरत असते, बरणीतल्या लोणच्यासारखी.

दुसरा भाग 'घरच्या भाषेचं काय करावं' यावर होता. तेवढ्यात लाइट गेली. पहिल्या भागात मुद्दा कळलाच होता. सर्टिफिकेट मात्र आलं.

१४ जुलै, सोमवार

शाळेत कमालीची शिस्त. मधल्या सुट्टीत ग्राउंडवर गेलो तर चौथीची मुलं कबड्डी खेळत होती. आवाज नाही. 'कबड्डी' शब्द इंग्लिश आहे की नाही हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं, म्हणून तोंड बंद ठेवून नुसते धावत होते. धूळ उडत होती, पायांचा धपधप आवाज, बाकी काही नाही. मी जवळ गेलो तसे सगळे जागच्या जागी थांबले. पन्नास मुलं माझ्याकडे बघत. एकही खोकलं नाही.

जरा विचित्र वाटलं, पण ऊन फार होतं.

ओवीची क्लास टीचर प्रीती मॅडम म्हणाल्या की ओवी चार दिवस वर्गात एक शब्दही बोलली नाही. अभिनंदन त्यांनी केलं नाही, पण मी करून घेतलं. सायलेंट पीरियड सुरू!

२२ जुलै, मंगळवार

आता ओवी घरीही बोलत नाही. म्हणजे मुरायला लागलं.

घर अगदी शांत. मयूरी सातला येते. दिवसभर ऑफिसात बोलून थकल्यावर घरी इंग्लिश बोलायचा तिला कंटाळा, म्हणून तीही गप्प. जेवताना फ्रिजचा आवाज ऐकू येतो. पूर्वी यायचा नाही, मेकॅनिकला दाखवावा.

संध्याकाळी आईला रंगेहाथ पकडलं. ओवीच्या कानाशी लागून कापसाच्या वावरातल्या कोल्ह्याची गोष्ट सांगत होती. मी दारात दिसताच आई थांबली. ओवी माझ्या पायांकडे बघत उठली आणि वह्या काढून बसली. न सांगता! अशी शिस्त मला तिच्या वयात नव्हती.

३० जुलै, बुधवार

आज एक किरकोळ प्रकार.

सकाळी शाळेच्या व्हॅनच्या दारात (मी हल्ली लवकर जातो, ती व्हॅनने येते) ओवीचं बोट चेंगरलं. तिने कोणाला सांगितलं नाही. ड्रायव्हरला नाही, प्रीती मॅडमला नाही. रडलीही नाही. अख्खा दिवस ते बोट मुठीत धरून वर्गात बसली. दुपारी कॉरिडॉरमध्ये माझ्या बाजूने गेली तेव्हा मूठ तशीच होती. मला वाटलं खडू पळवला असेल.

संध्याकाळी आईने हात धुवायला मूठ उघडली. नख काळंनिळं, बोट वांग्यासारखं सुजलेलं. आई ओरडली. त्या आवाजाने मीच दचकलो, इतक्या दिवसांत घरात कोणी ओरडलं नव्हतं.

मी ओवीला विचारलं, व्हाय डिड यू नॉट टेल? ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं शब्द शोधत असावी. फिंगर, नेल, पेन, हे सगळं आपण घेतलेलं आहे. चार्ट तिच्याच पलंगावर लावलाय.

आई म्हणाली, रवी, लेकराले दुखते तई ते आई गं म्हणते, ते बी तू काढून घेतलं का? उत्तर द्यायचं होतं. नंतर देईन. ट्रेनिंगच्या नोट्समध्ये सहनशक्तीबद्दल काहीतरी होतं, ते शोधतो.

नोट्समध्ये सापडलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आई भीमपूरला गेली. सोयाबीनच्या निंदणीचं कारण सांगितलं. निंदणी मागच्याच आठवड्यात आटोपली, मला माहीत आहे. बसस्टँडवर ओवीने तिचा पदर धरला आणि बस हलली तरी सोडला नाही. कंडक्टरला उतरून सोडवावा लागला. तेव्हाही आवाज नाही. तोंड उघडलं होतं, पण आवाज नाही.

चला. घरातला शेवटचा अडथळा दूर झाला. (हे वाक्य सकाळी लिहिलं होतं. खोडत नाही. डायरीत खाडाखोड बरी नव्हे.)

८ ऑगस्ट, शुक्रवार

मयूरीने हाफ डे टाकून ओवीला डॉक्टरकडे नेलं. कान चांगले. घसा चांगला. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, घरी कोणत्या भाषेत बोलता? मयूरीने काय सांगितलं ते तिने मला सांगितलं नाही.

रेणुकाबाईंनी आज केबिनमध्ये येऊन दार लावून घेतलं. म्हणाल्या, सर, लहान लेकरं आता लघवीले लागली तरी सांगत नाईत, तसेच बसून राह्यते. मले तं या शाळेत आजकाल भेव लागते. त्यांना सायलेंट पीरियड समजावला. त्यांनी विचारलं, साऱ्याच लेकराले एकदम येते का जी तो?

१३ ऑगस्ट, बुधवार

गडबड. हैदराबादहून मेल. टीमला पाहायचं आहे की मुलांच्या घरच्या भाषा आम्ही कशा जपतो. जपतो! त्यांच्या यादीत हाच पहिला मुद्दा. प्रिन्सिपल मॅडमनी मला दहा मिनिटं उभं ठेवलं. फिरणारी खुर्ची बाजूलाच होती.

हरकत नाही. पाच दिवस पुष्कळ आहेत. कोपऱ्यात सतरंजी टाकून 'मातृभाषा कट्टा' उभा करतो. ओवीला आईची ती कोल्ह्याची गोष्ट मराठीत सांगायला लावतो. गोष्ट तिला पाठ आहे.

रात्री जेवताना तिला सांगितलं, आता मराठीत बोलायला परवानगी आहे. परत सांगितलं. मग मीच गोष्ट सुरू करून दिली : एक होता कोल्हा. ती पोळीचे तुकडे करत राहिली. मला पुढची गोष्ट येत नव्हती.

१८ ऑगस्ट, सोमवार

टीममधल्या मॅडम थेट सतरंजीवर बसल्या. वर्ग पहिलीचा. त्यांनी मुलांना आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग मोडक्यातोडक्या मराठीत एकच विचारलं, तुमच्या आजीशी तुम्ही काय बोलता? तीस मुलं. कोणी बोललं नाही. एकाने बोलायला तोंड उघडलं आणि आधी माझ्याकडे पाहिलं. मी मानेने हो म्हटलं. त्याने तोंड मिटलं.

मी फॉर्म दाखवले. मॅडमनी वीसेक चाळले. इंग्लिशमध्ये विचारलं, आदिलाबाद जिल्ह्यात दोनशे बारा घरं इंग्लिश बोलतात? मी म्हटलं, रेकॉर्डप्रमाणे, मॅडम. मग सायलेंट पीरियड सांगितला. त्यांनी ओवीकडे बोट केलं. ही मुलगी किती दिवसांपासून गप्प आहे? म्हटलं, सहा आठवडे. त्यांनी विचारलं, तिचे पालक काय म्हणतात?

इथे मी व्यावसायिक राहायचं ठरवलं. घरचं नातं मध्ये आणणं बरं दिसलं नसतं. म्हणालो, पालकांचं पूर्ण सहकार्य आहे.

मॅडमनी विचारलं, तुम्ही भेटलात त्यांना? मी म्हणालो, वरचेवर.

ओवी समोरच बसली होती. काळं नख दुसऱ्या हाताने झाकून. तिला इतकं इंग्लिश कळतं की नाही याची मला जून महिन्यापासून शंका होती. आज तिच्या तोंडाकडे पाहून कळलं की तिला सगळं कळतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मान्यता पुढच्या वर्षावर गेली. माझं टेबल परत स्टाफरूममध्ये. लाकडी खुर्ची. पाठीला चांगली असते.

मयूरी पोळ्यासाठी ओवीला घेऊन भीमपूरला गेली. किती दिवस ते विचारलं तर म्हणाली, ते ओवी सांगन. हे उत्तर नव्हे. पण हवापालट चांगला. दोन दिवसांनी मी जाऊन घेऊन येतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळची बस. सोबत बिस्किटं आणि एक चार्ट, फार्म ॲनिमल्स. चार्ट बसमध्येच सीटखाली सोडून दिला. मुद्दाम.

आज तान्हा पोळा. गल्लीत पोरं लाकडी बैल ओढत होती. आमच्या घराच्या वळणावर आलो आणि पाय थांबले. आतून ओवीचा आवाज येत होता. मोठ्याने. न थांबता.

गोठ्याच्या भिंतीआड उभा राहिलो. अंगणात आई आणि ती, मध्ये लाकडी बैल. ओवी त्याची शिंगं रंगवत होती आणि त्याला सांगत होती. लागलं तं सांगजो. दुखलं तं रडजो, मी नाई रागवत. मग कोल्ह्याची गोष्ट. शेवटी कोल्हा वावरातल्या कापसात लपतो आणि आपली शेपटी बाहेर राहिली हे विसरतो, असं आहे. मला आत्ता कळलं. मधूनमधून आई काऊन गं, असं विचारी आणि ओवी जास्तच खुलून सांगे. घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं. त्या पंचवीस मिनिटांत मी जितका आनंदात होतो तितका पूर्वी कधी होतो ते आठवत नाही. डोळे पुसले.

मग राहवलं नाही. पुढे झालो. म्हणालो, बोल बाळा, बोल. मराठीत म्हणालो.

ओवीने चटकन बैलाच्या तोंडावर हात ठेवला. काळ्या नखाचा हात. आणि त्याला हळूच सांगितलं, चूप, सर आले.

अर्धा तास बसलो. आईने चहा दिला.  मयूरीने फाटकापर्यंत येऊन सांगितलं की ती आणि ओवी इथेच राहतील, ऑफिसात ती इथूनच जाऊन येईल. दुपारच्या बसने परत.

घरी येऊन, टेबल हलवताना सोबत आणलेला माझा फॉर्म काढला. घरी बोलली जाणारी भाषा. इंग्लिश खोडलं.  फ्रिजचा आवाज येत होता. मग पुढची जागा तशीच कोरी ठेवली. घरी बोलणारं कोणी नव्हतं.